पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणासाठी मचाण कुठे लावावं: नकाशा वाचून जागा ठरवताना

मध्य पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: हंटर एज्युकेशनचा वर्ग झाला, परवाना मिळाला, धनुष्याचा सरावही चालू आहे. झाडावर सरकवत चढायचं क्लायंबिंग स्टँड घेतलं आहे. यंदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात रॉथरॉक स्टेट फॉरेस्टमध्ये बसायचं आहे. पण नकाशा उघडला की सगळं हिरवंच दिसतं. ना शेत, ना कुरण. अशा सलग जंगलात पांढऱ्या शेपटीचं हरीण कुठेही असू शकतं, मग बसायचं कुठे?

हरीण आत्ता कुठे आहे ते कुठलाच नकाशा सांगणार नाही. पण त्याला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाताना कुठून जाणं सोपं आहे, आणि तुम्ही तिथे बसलात तर तुमचा वास कुठे वाहत जाईल, या दोन गोष्टी नकाशावरून बऱ्याच अचूक काढता येतात. यातली दुसरी गोष्ट नवे शिकारी शेवटी बघतात. माझ्या मते ती सगळ्यात आधी बघायची. उत्तम वाटेवरचं मचाण वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला असेल तर तिथे बसून तुम्ही फक्त हरणांना ती वाट टाळायला शिकवता.

तुम्ही सह्याद्रीत टोपोशीट घेऊन घाटवाटा शोधल्या असतील, तर अर्धं काम तुम्हाला येतंच. खिंड, सोंड, पदर, घळ, नाळ हे सगळं इथेही आहे. फरक प्रमाणाचा आहे. आपलं टोपोशीट १:५०,००० चं आणि दोन समोच्च रेषांमधला (कंटूरमधला) उंचीचा फरक २० मीटर. इथला यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेचा, नकाशा १:२४,००० चा, आणि या भागातल्या बहुतेक पत्रकांवर कंटूर २० फुटांचे. म्हणजे सहा मीटरचा चढउतारही कागदावर दिसतो. हे नकाशे फुकट उतरवून घेता येतात. फोनवर ऑनएक्स किंवा कॅलटोपो हे नकाशाचं अ‍ॅप असेल तर त्यावर हेच कंटूर हवाई छायाचित्रावर चढवून पाहता येतात.

आता तुमच्या जंगलाचा मूळ आराखडा बघा. टसी माउंटन, जॅक्स माउंटन, बाल्ड ईगल माउंटन अशा लांबच लांब धारा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे एकमेकींना समांतर धावतात. माथ्यावर टस्करोरा नावाचा कठीण वालुकाश्म आहे. तो झिजत नाही, म्हणून धार टिकली आहे आणि तिच्यावर दगडांचा खच पडलेला आहे. शरद ऋतूत इथला वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. थंडीची लाट येऊन गेली की तर हमखास वायव्येचा. म्हणजे वारा या धारांना जवळजवळ काटकोनात ओलांडतो. हरणांचं वागणं बरंचसं या एका गोष्टीवर बेतलेलं असतं, म्हणून ती नीट समजून घ्या.

वायव्येचा वारा धार ओलांडून आग्नेयेच्या उतारावर उतरतो. हा आडोशाचा उतार. सकाळचं ऊनही आधी याच उतारावर पडतं, त्यामुळे इथली हवा लवकर तापते आणि उतारावरून वर चढू लागते. वरून येणारा वारा आणि खालून चढणारी हवा यांची गाठ माथ्यापासून थोडं खाली, उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पडते. मोठा नर नेमका त्या पट्ट्यात बसतो. पाठ धारेकडे, तोंड खाली. धारेपलीकडून कोणी आलं तर वारा त्याचा वास आणून देतो, खालून कोणी आलं तर चढती हवा सांगते, आणि समोरचा उतार तर डोळ्यांखाली असतोच. तिथे तो रवंथ करत तासन् तास बसू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यावर माज ऐन भरात असतो. तेव्हा हेच नर त्या पट्ट्यातून धारेला समांतर चालतात, कारण खालच्या झुडपांत बसलेल्या माद्यांचा वास त्यांना न उतरता तिथेच मिळतो.

नकाशावर हे असं आखा. समजा माथा २,००० फुटांवर आहे आणि दरी १,१०० फुटांवर. उंची ९०० फुटांची. तिचा वरचा तिसरा हिस्सा म्हणजे १,७०० च्या कंटूरपासून वरचा भाग. आग्नेय बाजूला १,७०० आणि १,८४० या दोन रेषांमध्ये पेन्सिलने हलका पट्टा रंगवा. सगळ्या हिरव्यातून तुम्ही आता एक अरुंद फीत वेगळी काढली. पुढचा शोध या फितीत.

फीत सगळीकडे सारखी नसते. काही ठिकाणी कंटूर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणजे तीव्र चढ. मध्येच दोनतीन रेषा एकमेकींपासून लांब होतात आणि पुन्हा दाटतात. हा पदर. या डोंगरांमध्ये असे पदर भरपूर आहेत आणि त्याला कारण खडकाचं आहे: टस्करोराच्या खाली मऊ थर, आणि त्याखाली पुन्हा बाल्ड ईगल नावाचा कठीण वालुकाश्म. मऊ थर झिजला, खालचा कठीण थर पायरीसारखा पुढे राहिला. कुठे त्याची दुय्यम धारच झाली आहे, कुठे नुसता पदर. आडवं चालणारं जनावर तीव्र उतारावर पाय वाकडे टाकत जाण्यापेक्षा पदरावरून जाणं पसंत करतं. पदर जिथे रुंद आहे तिथे हरणं पांगतात. तो जिथे चिंचोळा होतो, वर दगडांचा लोट आणि खाली एकदम उतार, तिथे सगळ्या वाटा एक होतात. धनुष्याचा टप्पा वीस-पंचवीस यार्डांचा, त्यामुळे तुमच्यासाठी हा चिंचोळा भागच कामाचा.

कंटूरला न दिसणारे छोटे पदर लायडरच्या छायाचित्रात दिसतात. लायडर म्हणजे विमानातून लेझर सोडून, झाडं वगळून, उघड्या जमिनीचं केलेलं मोजमाप. त्याचं छायाचित्र उघडलंत की जुने लाकूडतोडीचे रस्ते ओरखड्यांसारखे स्पष्ट दिसतात, आणि हरणं त्या रस्त्यांचा सर्रास वापर करतात. एक सावधगिरी मात्र बाळगा. रॉथरॉकच्या उतारांवर लायडरमध्ये छोट्या गोल सपाट चकत्या शेकड्यांनी दिसतील. ते नैसर्गिक पदर नाहीत. ग्रीनवुड फर्नेससारख्या (१८३४ ते १९०४) लोखंडाच्या भट्ट्या इथे चालत होत्या. त्यांच्यासाठी लाकडाचा कोळसा पाडायला सपाट केलेल्या त्या जागा आहेत. एकेकटी चकती फारशी उपयोगाची नाही. पण अशा चकत्यांना जोडणारी जुनी गाडीवाट आडवी जात असेल तर ती जरूर चालून बघा.

आता खिंड. नवा माणूस नकाशा उघडतो आणि पहिलं बोट खिंडीवर ठेवतो. ते चूक नाही, हरीण धार ओलांडताना सर्वांत कमी चढ निवडतंच. पण खिंड सगळ्यांनाच दिसते. जिच्यातून रस्ता किंवा गाजलेली पायवाट जाते ती खिंड सोडून द्या. रस्त्यापासून लांबची, साठ-ऐंशी फूटच खोल असलेली, नकाशावर जेमतेम जाणवणारी खिंड शोधा. आणि तिच्या मधोमध बसू नका. खिंडीत वारा कोंडून जोरात घुसतो आणि पलीकडे भोवरे करतो. तुमचा वास एका दिशेला स्थिर जातच नाही. खिंडीतून उतरणारी वाट आग्नेयेच्या पदराला जिथे मिळते, तिथे शंभरेक यार्ड खाली या. तिथे धार ओलांडणारी हरणंही येतात आणि पदरावरून आडवी जाणारीही.

पण मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी घळीचं डोकं निवडेन. डोंगराच्या उतारावर घळी खाली उतरत जातात. कंटूरमध्ये त्या माथ्याकडे टोक केलेल्या व्ही आकाराच्या दिसतात. खाली घळ खोल, दगडांनी भरलेली, दोन्ही काठ उभे. उतारावरून आडवं जाणारं हरीण ती खाली ओलांडत नाही. ते काठाने वर सरकत जातं आणि जिथे घळ संपते, जिथे व्ही उथळ होऊन रेषा पुन्हा सरळ होतात, तिथून वळसा घालतं. घळीचं डोकं माथ्याच्या जवळ गेलं असेल तर वर माथ्यावरचे दगड आणि खाली घळ यांच्यामध्ये एक तीस-चाळीस यार्डांची जागा उरते. हेच डोकं तुम्ही रंगवलेल्या फितीत येत असेल तर तिथे वर्तुळ काढा. अशा जागेला फार लोक जात नाहीत, कारण नकाशावर ती खिंडीसारखी नजरेत भरत नाही आणि तिथे पोचायला घाम गाळावा लागतो. एकाच उतारावरच्या दोन घळींची डोकी शेजारी-शेजारी असतील, तर त्यांच्या मधल्या सोंडेवर नराची बसण्याची जागा असण्याची शक्यता फार मोठी. तिथे जाऊ नका. तिच्या अलीकडच्या डोक्यावर बसा.

झाडोऱ्यासाठी हवाई छायाचित्र लागतं, आणि ते पानं गळाल्यानंतरचं हवं. उन्हाळ्याच्या छायाचित्रात सगळं एकसारखं दिसतं. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखा मागे सरकवत हिवाळ्यातलं किंवा मार्च-एप्रिलमधलं छायाचित्र काढा. त्यात ओकचं रान करडं दिसतं आणि त्यात जे गडद हिरवे डाग राहतात ते माउंटन लॉरेल, हेमलॉक, पाइन. लॉरेलची छातीएवढी दाट झुडपं म्हणजे हरणाचा आडोसा. डागाची कडा आणि पदर एकमेकांना जिथे छेदतात तिथे जनावर कडेकडेने चालतं.

शिवाय लाकूडतोडीचे तुकडे बघा. पाच-दहा वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्यात कोवळा पाला आणि लपायला गचपण दोन्ही असतं. स्टेट फॉरेस्टमध्ये असे अनेक तुकडे आठ फूट उंच जाळीच्या कुंपणात असतात, कारण हरणं रोपं वाढूच देत नाहीत. लांडगे आणि प्यूमा या राज्यातून एकोणिसाव्या शतकातच संपले. तेव्हापासून जंगलाची नवी पिढी उगवायची असेल तर हरणांची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवावी लागते. इथली शिकार मी ज्या गांभीर्याने घेतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. असो. शिकाऱ्यासाठी त्या कुंपणाचा कोपरा सोन्यासारखा: हरीण आत शिरू शकत नाही, ते कुंपणाच्या कडेने चालतं आणि कोपऱ्यावर वळतं. कुंपण तीव्र उताराजवळ संपत असेल तर मधली फट बघाच.

एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, मात्र नकाशात नसतात. व्हाइट ओकची फळं एका वर्षात पिकतात, कमी तुरट असतात आणि हरणं ती आधी संपवतात. पण कोणत्या वर्षी कुठलं झाड धरेल ते जमिनीवर जाऊनच कळतं. ऑक्टोबरात फळं जिथे पडली आहेत तिथे हरणं, नोव्हेंबरात माद्या जिथे आहेत तिथे नर. म्हणून ऑक्टोबरची जागा दरवर्षी बदलू शकते, नोव्हेंबरची घळीच्या डोक्याची जागा सहसा बदलत नाही.

आता येण्या-जाण्याची वाट. मी स्वतः मचाणाच्या वर्तुळाआधी गाडी लावायच्या जागेपासून ही रेघ काढतो. आग्नेयेच्या फितीत बसायचं आहे आणि वारा वायव्येचा आहे. गाडी धारेच्या वायव्य बाजूला लावून माथा ओलांडून उतरलात, तर तुमचा वास तुमच्या पुढे अर्धा डोंगर खाली पोचलेला असतो. दिवस तिथेच संपला. त्याऐवजी आग्नेयेकडून, खालून या. पहाटे अंधारात हवा अजून थंड असते आणि ती खाली वाहत असते, म्हणून वर चढताना तुमचा वास मागे दरीत जातो. ओढ्याच्या काठाने चढलात तर पाण्याच्या आवाजात पावलंही झाकली जातात. शेवटचा टप्पा घळीतूनच चढा, पदरावरून आडवं चालू नका. ज्या वाटेवर हरीण यायला हवं तिच्यावर तुमच्या बुटांचा वास नको. उजाडण्याच्या पुष्कळ आधी वर पोचून घाम सुकू द्या. जाड कपडे चढताना पाठीवर, वर गेल्यावर अंगावर.

मचाण हरणाच्या वाटेच्या किंचित खालच्या अंगाला लावा. ऊन चढलं की हवा वर येते, माथ्यावरचा वारा तिला बाहेर ढकलतो आणि तुमचा वास दरीच्या वर, अधांतरी निघून जातो. वाटेवरच्या हरणाला तो लागत नाही. ढगाळ दिवशी मात्र हा खेळ नीट जमत नाही, कारण उतार तापतच नाही. आणि संध्याकाळी सगळं उलटं होतं: सूर्य धारेआड गेला की आग्नेयेचा उतार झपाट्याने थंड होतो आणि हवा खाली सरकू लागते. तेव्हा वर बसलेल्या माणसाचा वास थेट खालच्या हरणांवर ओतला जातो. म्हणून संध्याकाळची जागा वेगळी, ओढ्याजवळ, जिथून थंड हवा ओढ्याबरोबर वाहून जाते आणि हरणं वरून उतरतात. एकाच मचाणावर सकाळ-संध्याकाळ बसायचा मोह टाळा.

हे सगळं कागदावरचं गणित प्रत्यक्षात तपासायचं साधन म्हणजे मिल्कवीडचा कापूस. आपल्याकडच्या रुईच्या म्हाताऱ्या जशा उडतात तसाच. मचाणावरून एक तंतू सोडा आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहा. पावडरची डबी फक्त हातभर अंतरावरचा वारा दाखवते, हा तंतू पन्नास-साठ यार्डांवर वारा कसा वळतो ते दाखवतो. जोराच्या वाऱ्यात धारेच्या आडोशाला हवा उलटी फिरून वर येताना तुम्हाला दिसेल. त्या दिवशी तिथे बसू नये. नकाशावरच्या प्रत्येक वर्तुळाशेजारी मी कोणत्या वाऱ्यात बसायचं नाही ते लिहून ठेवतो, आणि वारा तसा असेल तर जागा कितीही आवडती असली तरी दुसरीकडे जातो.

नकाशावरून काढलेल्या जागा चालून बघायचा उत्तम काळ बर्फ वितळल्यानंतर, मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. पालवी नसते, मागच्या नोव्हेंबरच्या खुणा तशाच असतात: खोडांवर शिंगं घासून सोललेली साल, खुरांनी उकरलेल्या जागा, पानांत दबलेल्या वाटा. तेव्हा हरणं उठवलीत तरी बिघडत नाही, हंगामाला पुष्कळ महिने असतात. तुम्ही विचारता आहात ते हंगाम तोंडावर असताना, तेव्हा यंदा तीनच जागा निवडा आणि प्रत्येक जागी एकदाच, दुपारच्या वेळी, वारा योग्य असताना जाऊन झाड ठरवून या.

झाड निवडताना घाई नको. क्लायंबिंग स्टँडसाठी चेस्टनट ओक सर्वांत चांगला: सरळ, खोल चिरांची टणक साल, आणि या धारांवर तो भरपूर आहे. बीचची साल गुळगुळीत, ओली असली की स्टँड घसरतं. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते. अ‍ॅशवर चढूच नका, एमराल्ड अ‍ॅश बोरर या किड्याने इथले बहुतेक अ‍ॅश मारून टाकले आहेत आणि उभं दिसणारं झाड आतून ठिसूळ असतं. पंधरा ते वीस फूट उंची पुरे. पूर्ण अंगाचा हार्नेस जमिनीवरच घालायचा, झाडाला बांधायचा आणि पुन्हा जमिनीवर येईपर्यंत सोडायचा नाही. धनुष्य दोरीने वर ओढायचं. यात मी कोणाचीही सबब ऐकून घेत नाही.

पुढे रायफलच्या हंगामात बसायचं ठरवलंत तर नकाशा पुन्हा नव्याने वाचावा लागेल. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी हा हंगाम उघडतो, तेव्हा जंगल माणसांनी भरतं आणि बहुतेक जण रस्त्यापासून फार आत जात नाहीत. पेन स्टेट विद्यापीठ आणि राज्याच्या वन व वन्यजीव खात्यांचा एक अभ्यास रॉथरॉकमध्येही २०१३ मध्ये सुरू झाला, हरणांना जीपीएस पट्टे लावून. शिकारी आले की काही हरणं अगदी उभ्या, दगडी उतारांवर जाऊन राहतात, हे त्यात दिसलं आहे. तेव्हा रस्ते आणि वाहनतळ आधी खुणावा, माणसं कुठून शिरतील ते बघा आणि त्यांनी हुसकलेलं हरीण ज्या तीव्र उताराकडे वळेल तिथल्या पदरावर बसा. डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून २५० चौरस इंच नारिंगी रंग कायद्याने घालावाच लागतो, आणि हरणाला तो आपल्यासारखा भडक दिसत नाही. माथ्यावर बसू नका. तिथे हरणामागे माती नसते, नुसतं आकाश असतं, आणि सुटलेली गोळी कुठे जाईल ते तुम्हाला माहीत नसतं.

जागा पक्की करण्यापूर्वी नकाशावर शेवटची एक रेघ काढा: हरीण पडलं तर ते गाडीपर्यंत कुठून आणायचं. साफ केलेला नरसुद्धा शंभर पौंडांच्या पुढे भरतो. आग्नेयेच्या उतारावर पडलेलं हरीण माथा चढवून पलीकडे नेणं एकट्याचं काम नाही. तुमची गाडी खाली ओढ्याच्या बाजूला असेल, तर जुना लाकूडतोडीचा रस्ता धरून ते उतारानेच ओढत नेता येतं. म्हणून दोन वर्तुळं तोलामोलाची असतील तर जिच्या खाली असा रस्ता आहे ती घ्या.